जोडी खेळतेय तोवर

बोरीच्या किशनराव मास्तरांनी बावीस वर्षांच्या नोकरीत कुणा पोरासाठीही कधी वाईट शब्द वापरला नव्हता. नाद एकच, रेडिओवरच्या क्रिकेटचा. आपली जोडी जमली की ज्यानं त्यानं जिथल्या तिथं राहायचं, हलायचं नाही, असा त्यांच्या बैठकीतला दंडक. कुणी हललं की विकेट पडते, यावर सगळ्यांचा पक्का विश्वास.

शहाऐंशीच्या जूनमध्ये इंग्लंडातली कसोटी रंगात आली होती, आणि नेमक्या त्याच दुपारी झरीचे व्यंकटराव आपल्या मुलासाठी मास्तरांच्या मुलीला, मंदाला, बघायला आले. मंदाची आई केशरबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाल्या, तोच मास्तर ओरडले, "पाव्हणे, तिथंच थांबा! जोडी खेळायलीय!"

केशरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्यंकटराव मात्र हसले. "थांबतो की," म्हणत एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, असे उभे राहिले. चार षटकं गेली. पाय अवघडला म्हणून त्यांनी बाहेरचा पाय आत घेतला, आणि रेडिओवर एकच गलका झाला. आउट!

"काय पांढऱ्या पायाचा माणूस हाय!" मास्तर बोलून गेले.

केशरबाईंच्या तांब्यातलं पाणी सांडत होतं, त्यांना कळलंही नाही. हा शब्द नव्या सुनांना ऐकावा लागतो. इथं मुलीच्या बापानंच तो होणाऱ्या व्याह्याला सुनावला होता.

व्यंकटराव वहाणा शोधू लागले. तेवढ्यात आतल्या दारातून मंदा म्हणाली, "बाबा, हे त्यांनी मला म्हटलं असतं, तर तुमी काय केलं असतं?"

मास्तरांनी उठून रेडिओ बंद केला आणि व्यंकटरावांपुढं हात जोडले.