एका चुलीचा सर्व्हर

मेथी निवडायला बसलं की जुडीपेक्षा काड्यांचा ढीग मोठा होते. आमच्या कंपनीचंही तसंच. काम जुडीभर, किस्से ढीगभर! भाजी-फुलं पिकवणाऱ्या आम्ही बायांनी काढलेली ही कंपनी. हेड ऑफिस अमरावतीला, शाखा अकोल्याला अन् पातूरला. अकोल्याची डायरेक्टर मी. शिक्षण चौथी. लपवत नाही.

*

अमरावतीचे मॅनेजर वानखडे साहेब एक दिवस पडद्यावर चित्रं दाखवायला आले. "ताई, तुमचे पाचही कम्प्युटर काढून टाकू. अमरावतीत एकच मोठा सर्व्हर. तुमच्याकडे फक्त स्क्रीन अन् छोटी डबी. खर्च निम्मा!"

"म्हणजे पाच चुली मोडून एकच चूल?"

"अगदी बरोबर!"

"चूल अमरावतीत अन् जेवणारे अकोल्यात. भाकर गरम कशी येईन जी?"

साहेबांनी पुढचं चित्र लावलं.

*

दुसऱ्या खेपेला ते खर्चाचा तक्ता घेऊन आले. एकीकडे आमचे कम्प्युटर, दुसरीकडे सर्व्हर. सर्व्हरची बाजू कशी हलकीफुलकी!

मी विचारलं, "त्याले थंड ठेवाले एसी लागते म्हणता. त्याचं बिल कुठी आहे?"

"ते बिल्डिंगच्या खर्चात जाते."

"अन् चोवीस तास नेटची लाइन?"

"ती टेलिफोनच्या खात्यात."

"वा! सासू जेवते आपल्या घरी अन् हिशोब जावेच्या घरी!"

साहेब चिडले. "ताई, हा टेक्निकल विषय आहे. तुम्ही चौथी शिकलेल्या."

"चौथीतच तर हातचा शिकवतात, साहेब. तुमच्या बेरजेत तोच सुटला!"

*

आमची बाजू धुतल्या तांदळासारखी होती असं नाही. एकदा आमचा एक कम्प्युटर बंद पडला. मेकॅनिकनं डबा उघडला तर आत उंदरीण बाळंत! साहेबांना बातमी कळली. फोनवर खो खो हसले. "पहा ताई! हा असा रिपेरिंगचा खर्च असते. सर्व्हर काचेच्या खोलीत राहते."

"आमच्या उंदरानं एक बंद पाडला, चार चालू आहेत. तुमच्या काचेच्या खोलीत शिरला तर तीन गावं बंद!"

*

शेवटी ठरलं, आधी पातूरमध्ये करून पाहू. अकोल्याचा फैसला दसऱ्यानंतरच्या मीटिंगमध्ये. साहेबांनी भंगारवाला आधीच पाहून ठेवला होता, हे मला मागाहून कळलं.

आठवडाभरात पातूरची शाखा पाहणाऱ्या चंदाताईचा फोन. "इंदूबाई, स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरून राहिलं!"

"काऊन वं?"

"अमरावतीत पगार काढून राहिले म्हणे. सगळा जोर तिकडं लागला."

पगार अमरावतीचा अन् वांग्यांची बिलं थांबली पातूरची! साहेबांना कळवलं तर म्हणाले, "सुरुवातीला असं होतेच."

*

अन् मग आली खंडेनवमी, अवजारं पुजायचा दिवस. दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा झेंडू म्हणजे आमच्या बायांचं वर्ष. दसरा गेला की तोच झेंडू बकरीही खात नाही. अन् कम्प्युटरचं बिल निघाल्याशिवाय व्यापारी पोत्याला हात लावत नाही.

सकाळीच चंदाताई फोनवर रडकुंडीला. "पुरा अंधार आहे वं स्क्रीनवर! व्यापारी वापस चालले!"

मी अमरावतीला फोन लावला. वानखडे साहेब खुशीत होते. "ताई, सर्व्हरची पूजा केली! हळद-कुंकू, हार, नारळ. अन् बंद करून ठेवला. पुजलेलं अवजार आजच्या दिवशी चालवत नाहीत ना!"

मी फोन ठेवला. चंदाताईला सांगितलं, "टेम्पो भर अन् अकोल्याले ये."

पूजा आम्हीही केली होती. एका कम्प्युटरची. तो हार घालून आरामात बसला होता, बाकीचे चार कामावर. बिलं काढणाऱ्या आमच्या शिल्पाची बोटं कीबोर्डवर ताशासारखी वाजत होती. पातूरचा टेम्पो आला, त्याचीही बिलं निघाली. दुपारपर्यंत अंगणात फक्त पाकळ्या उरल्या.

तेवढ्यात साहेबांचा फोन. आता आवाज बारीक. "ताई, पातूरचं मले आताच समजलं. चेअरमनबाईले सांगू नका. मी दोन मिनिटात सर्व्हर सुरू करतो."

"खबरदार साहेब! देव बसला आहे. झोपू द्या त्याले!"