इन्स्पेक्शनची पेशंट

डेन्मार्कच्या त्या दवाखान्यात पहिल्या दिवशी आमच्या ग्रुपमधले सगळे भिंतीवरचे तक्ते बघत होते आणि मी पेशंटच्या पायांकडे बघत होते. खोटा पेशंट पायांवरून ओळखता येतो. तोंड कुणालाही पाडता येतं. पण सकाळीच चालत आलेल्या माणसाच्या टाचांना धूळ असते आणि त्याच्या चपला खाटेखाली अशा ठेवलेल्या असतात, की पाय घातला आणि निघाला.

हे मला माहीत, कारण माझी आई अशी पेशंट होती. पुण्याबाहेरच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात मान्यतेसाठी इन्स्पेक्शन असलं की धायरीत आमच्या चाळीत आदल्या दिवशी निरोप यायचा. सकाळी न्यायला गाडी. गेल्या गेल्या पोहे, चहा, अंगात हिरवा गाऊन, पायथ्याशी फाईल. कमिटी भरलेल्या खाटा मोजून गेली की सगळ्या बायका घरी. आई एरवी मेसमध्ये उभ्याने पोळ्या लाटायची. दिवसभर पाठ टेकायला मिळते, याचंच तिला अप्रूप.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. सार्वजनिक आरोग्यात एम.एस्सी. करताना परदेशातली आरोग्यव्यवस्था बघायला विद्यापीठाने सहा आठवडे पाठवलं, तेही मेरिटवर. त्याच सहा आठवड्यांत इकडे आईच्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता. तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी तिकडे परक्यांचे पाय बघत हिंडत होते.

तिकडे प्रत्येकाकडे एक पिवळं कार्ड असतं, त्यावर त्याच्या डॉक्टरचं नाव छापलेलं. जायचं, दाखवायचं, परत यायचं. काउंटरवर कुणी काही मागत नाही. मला हे पटेना. जिथे फुकट असतं तिथे ओळख लागते आणि ओळख नसेल तिथे डिपॉझिट लागतं, एवढं तर मला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. तिथल्या नर्सबाई पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आमच्यासमोर एका आजोबांना फोन लावला, की तुम्ही साखर तपासायला आला नाहीत, कधी येताय? म्हटलं, झालं, आमच्यासाठी नाटक सुरू.

मी त्यांना सरळ विचारलं, “आम्ही आज येणार हे तुम्हाला कळवलं होतं ना?”

“हो.”

“म्हणजे आजचे पेशंट तुम्ही निवडलेत.”

“नाही,” त्या म्हणाल्या, “ते आजारी पडले.”

गुरुवारी मी न कळवता एकटीच गेले. बाई फोनवरच होत्या, दुसऱ्या कुणाला तरी तेच विचारत. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना विचारलं, “तुम्हाला आज इथे कुणी बोलावलं?” त्यांनी बराच विचार केला आणि सांगितलं, “गुडघ्याने.”

आमच्या ग्रुपमधली कोथरूडची मुलगी संध्याकाळी म्हणाली, “अगं, तू शिकायला आली आहेस की धाड घालायला?”

“दोन्ही,” मी म्हटलं. मला माझ्या संशयाचा अभिमानच होता. बाकीच्यांना गंडवता येईल, मला नाही.

सहाव्या आठवड्यात नर्सबाईंनी साखरेच्या पेशंटचे पाय तपासायची रीत दाखवली. पेशंटने डोळे मिटायचे. नायलॉनचा एक जाड धागा तळव्याला, अंगठ्याला टेकवायचा आणि लागलं की त्याने सांगायचं; नाही कळलं तर साखरेने पाय बधिर झालेला. मी म्हटलं, आधी माझ्या पायावर करा. केलं. मला प्रत्येक वेळी कळलं.

त्याच दुपारी घरी व्हिडिओ कॉल केला. पुण्यात संध्याकाळ झालेली. आई खाटेवर पाय वर घेऊन बसलेली आणि अंगठ्याला फडकं.

“पायाला काय झालं?”

“काय न्हाई. चप्पल लागली.”

“कधी?”

“दिवाळीच्या आधी.”

जानेवारी संपत आला होता. फडकं सोडायला लावलं. अंगठ्याचं टोक वांग्यासारखं झालेलं.

“आई, साखर तपासली का?”

“तपासली की मागं. तुला दावला न्हवता का कागद? तूच म्हनलीस, टाकून दे.”

मला तो कागद आठवला. मागच्या वर्षीच्या इन्स्पेक्शनला त्यांनी खरोखरच रक्त घेतलं होतं. एका शिकाऊ डॉक्टरने जाताना आईला बाजूला घेऊन कागद दिला, म्हणाला, मावशी, बाकी सोडा, हे खरं आहे, कुठेतरी दाखवून घ्या. आईने तो घडी करून घरी आणला आणि माझ्या हातात दिला. मी वरचं कॉलेजचं नाव वाचलं, खालचा आकडा वाचलाच नाही. पेशंट खोटी, फाईल खोटी, मग साखर कशी खरी असेल? असं मोठ्या तोऱ्यात बोलले होते. घरात शिकलेली मी एकटी, तेव्हा आईला ते पटलं.

शेजारच्या काकूंना बोलावून घेतलं. त्यांना सांगितलं, केरसुणीची एक काडी धुऊन घ्या. आई, तू डोळे मीट. काडी लागली की सांग. काकूंनी काडी तळव्याला टेकवली, मग अंगठ्याच्या बुडाशी. स्क्रीनवर मला काडी वाकलेली दिसत होती.

“लाव की आता,” आई म्हणाली.

काकूंनी स्क्रीनकडे बघितलं. त्यांनी पुन्हा टेकवली.

“अगं लाव ना, किती वेळ डोळं मिटून बसू?” मग डोळे उघडून माझ्यावरच उखडली, “ही मुद्दाम लावत न्हाई. तुमचं दोघींचं ठरलंय.”

दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये गेली, पण माझ्या सांगण्यावरून नाही, मला खोटं पाडायला. तिथे नाव सांगितलं आणि रक्त दिलं. मग सिंहगड रोडवरच्या दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन पुन्हा दिलं, आणि तिथे काकूंचं नाव सांगितलं, म्हणजे आपलं नाव बघून कुणी आकडा लिहायला नको. दोन्ही कागदांचे फोटो आले. दोन्हीकडे साखर खूप जास्त, आकड्यांत जेमतेम चार-पाचचा फरक होता. खाली तिचा आवाजातला निरोप, “दोन्ही सारखंच हाय गं.” त्यापुढे नुसता मेसमधल्या भांड्यांचा आवाज.

मी चार दिवसांनी परतले आणि दुसऱ्या सकाळी तिला सरकारी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. पाय बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, “याआधी कधी साखर तपासली होती?”

“कवाच न्हाई,” आई म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“तपासली होती,” मी म्हटलं. “वर्ष झालं. तेव्हाही जास्त होती. कागद टाकून द्यायला मी सांगितलं.”

“तुम्ही काय करता?”

“आरोग्यव्यवस्थेचा अभ्यास.”

बाईंनी मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि लिहून घेतलं. आईने टेबलाखालून माझ्या मांडीला चिमटा काढला. “सांगायची काय गरज व्हती?”

“गरज होती, मावशी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “अंगठा काढावा लागेल. पाऊल वाचवायचा प्रयत्न करू. आजच भरती व्हा.”

आईने फडकं पुन्हा अंगठ्याला गुंडाळलं. मग संमतीचा कागद आला. तो तिने हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि माझ्यापुढे सरकवला.

“नीट वाच,” म्हणाली. “सगळा.”

मी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले. मागे रांगेतले लोक कुरकुरत होते. आईने त्यांना थांबायला सांगितलं.