मेव्हण्याचे दोन दात

पांढुर्ण्यात संत्र्याच्या मळ्यावरची मोटार जळली की शेतकरी दोन नावं घेतो. आधी देवाचं, मग हिरामण मिस्त्रीचं. देव काही लगेच येत नाही. हिरामण येतो. मोटार उघडतो, आत नाक घालून जळक्या तारेचा वास घेतो आणि मालकाच्या तोंडावर सांगतो, "भाऊ, विहिरीत पाणी नव्हतं तरी चालूच ठेवली ना? खोटं नका बोलू, तार सांगून राहिली मले." मालक आधी गड्याचं नाव घेतो, मग बायकोचं, मग लाइटवाल्यांचं. हिरामण शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "बरं, आता खरं सांगा." दुसऱ्याचं पाप ओळखण्यात ह्या माणसाचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

रविवारी हाच हिरामण पांढरा शर्ट घालून चर्चमध्ये पुढं उभा राहायचा. मंडळी केवढी, तर सत्तावीस घरांची. हिरामणच्या आज्यापासून हे घर ख्रिस्ती, त्यामुळं उपासनेत पापांगीकार म्हणायचा मान त्याच्याकडे. आवाजही असा भारदस्त, की ऐकणाऱ्याला न केलेली पापं आठवावीत. "हे प्रभू, आम्ही विचारानं चुकलो, बोलण्यानं चुकलो, करणीनं चुकलो," असं तो म्हणायचा आणि मागून सगळे म्हणायचे. 'आम्ही' म्हटलं की मोठी सोय असते. पाप सगळ्यांत वाटलं जातं आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला चिमूटभर येतं.

अडचण एकच होती. पहिल्या बाकावर, अगदी नाकासमोर, त्याचा मेव्हणा आशिष बसायचा. आशिष म्हणजे बायकोचा, मालतीचा, धाकटा भाऊ, नदीपलीकडच्या सावरगावचा. ह्या आशिषचे वरचे दोन दात नकली. नको तेवढे पांढरे. तो 'आम्ही चुकलो' म्हणायला तोंड उघडायचा, की ते दोन दात आधी दिसायचे आणि हिरामण नजर छताकडे वळवायचा. कारण त्या जागचे खरे दात हिरामणनंच पाडले होते, आणि नऊ वर्षं झाली तरी ही गोष्ट देव आणि हिरामण ह्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हती.

झालं होतं असं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, अलीकडून पांढुर्ण्याचे आणि पलीकडून सावरगावचे लोक दिवसभर एकमेकांवर गोटे मारतात, आणि संध्याकाळी तेच लोक एकमेकांच्या डोक्याच्या पट्ट्या पाहून "जास्त तं नाई ना लागलं?" म्हणून विचारतात. बाहेरच्या माणसाला हे समजत नाही आणि आतल्याला समजून घ्यायची गरज वाटत नाही. मंडळीचे पाळक मात्र दर वर्षी पोळ्याआधीच्या रविवारी गोट्याबद्दलचंच, 'ज्यानं पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा' हे, वचन काढत. पांढुर्ण्याच्या पाळकाला दुसरं सुचणार तरी काय! "आपल्यापैकी कोणी नदीवर जायचं नाही," असं ते बजावत, आणि सगळे "आमेन" म्हणत.

त्या वर्षी मालतीनंही घरून बजावलं, "पाय ठेवला नदीवर तर पाहा. पन्नाशी जवळ आली तुमची." हिरामण म्हणाला, "मी कायले जाऊ? मले लोधीखेड्याले मोटार पोचवाची हाय." आणि मोटार दुकानातच ठेवून गडी सरळ नदीवर. खरं सांगायचं तर कोणी 'जाऊ नको' म्हटलं नसतं, तर तो दुपारभर घोरत पडला असता.

मंडळी, पुढचं ऐका. तासाभरातच पलीकडच्या काठावर 'अरे देवा' झालं आणि आशिष तोंड धरून खाली बसला. हिरामण गर्दीतून सटकला, घरी आला, हातपाय धुऊन खाटेवर बसला. अर्ध्या तासात निरोप आला, की आशिषला सौंसरच्या दातवाल्या डॉक्टरकडे न्यायचं आहे आणि मोटारसायकल घेऊन भाऊजींनीच यावं. आता काय करता! पुढं हिरामण, मागं तोंडात रुमाल कोंबलेला आशिष, अशी वरात निघाली. वाटभर आशिष बोबड्या तोंडानं एकाच माणसाला शिव्या घालत होता. "त्या वीरेंद्रनंच मारला, भाऊजी! मी माह्या डोळ्यानं पाहिलं, त्याचा हात वर होता!" आणि पुढून हिरामण म्हणत होता, "हो ना. हो ना." जामसांवलीच्या फाट्यावर त्यानं गाडी थांबवली. सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं ते असं, "चहा घेतो का?" ज्याचे दात आत्ताच पडले त्याला चहा विचारणारा माणूस जगात दुसरा नसेल.

वीरेंद्र म्हणजे पांढुर्ण्याचा संत्र्याचा मळेवाला. बिचारा त्या दिवशी काठावर हिरामणच्या पुढं उभा होता, एवढाच त्याचा गुन्हा. गोटमारीचा राग मनात ठेवायचा नाही असा रिवाज आहे, तेव्हा आशिष भांडायला गेला नाही. त्यानं ख्रिस्ती माणसाला शोभेल असा मार्ग काढला. दर रविवारी उभं राहून तो मोठ्यानं प्रार्थना करू लागला, "प्रभू, त्या वीरेंद्रले पश्चात्तापाची बुद्धी दे. त्याच्या पापाची त्याले आठवण दे." सत्तावीस घरं म्हणायची, "आमेन." त्यात हिरामणचंही आमेन असायचं. उलट तो जरा जोरातच म्हणायचा. वीरेंद्रला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या झाडांना मात्र असा बहार येऊ लागला की फांद्यांना टेके द्यावे लागले. अख्खी मंडळी नऊ वर्षं एकाच माणसासाठी देवाला साकडं घालते म्हटल्यावर संत्री लागणार नाहीत तर काय! त्याच्या मळ्यावरची मोटार हिरामणच बांधायचा, आणि त्या मोटारीत तार भरायची मजुरी तो निम्मीच का घेतो हे वीरेंद्रला कधी कळलं नाही.

यंदा मंडळीला नवे पाळक आले. सौरभ त्यांचं नाव, वय तिशीचं. पोळ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी पापावर उपदेश केला, पण गोट्याचा उल्लेखही केला नाही. ते म्हणाले, "चूक हातून होते. पाप हातून होत नाही. 'हे करू नकोस' असं देवानं सांगितलं, आणि 'मला सांगणारा तू कोण' असं माणूस म्हणाला, तिथं पाप सुरू झालं. पहिल्या माणसाचं तेच झालं. फळ नंतर खाल्लं, बंड आधी केलं. आणि पकडला गेल्यावर बायकोकडे बोट दाखवलं." हिरामणला वाटलं, ह्या पोराला कोणी सांगितलं की काय! नऊ वर्षं तो स्वतःची समजूत घालत आला होता, की हातून झालं, गर्दीत झालं, गोटमारीत होतंच.

उपदेश संपला आणि आशिष उभा राहिला. आज तो नव्या सदऱ्यात होता. "मंडळी," तो म्हणाला, "लय वर्षं मी मनात राग धरला. आज मी तो सोडून राहिलो. वीरेंद्रभाऊ, पुढं या जी."

सगळ्यांच्या माना वळल्या. शेवटच्या बाकावर खरंच वीरेंद्र बसला होता, डोक्यावर टोपी, पायाशी संत्र्याची पेटी. रविवारी चर्चच्या आवारात जेवण आहे, या, एवढंच आशिषनं त्याला सांगितलं होतं. तो गोंधळून पुढं आला. आशिषनं त्याच्या गळ्यात शाल घातली, डोळे पुसले आणि म्हणाला, "मी तुमाले माफ केलं."

"कायची माफी, जी?" वीरेंद्रनं विचारलं.

"माह्या दाताची."

"तुमच्या दाताले मी काय केलं?"

"नऊ वर्षांआधी गोटा नाई मारला का तुमी मले?"

"अबे, त्या साली मी गोटाच नाई उचलला! खांदा उतरला होता माहा. मी तं हात वर करून मागच्याले 'सरक' म्हणून राहिलो होतो!"

"पाहा!" आशिष मंडळीकडे वळून ओरडला. "माफी देऊन राहिलो तरी कबूल करत नाई हा माणूस!"

"तुमची माफी ठेवा तुमच्याजवळ!" वीरेंद्र लालेलाल झाला. "जेवाले बोलावता अन् चार लोकांत मले पापी करता?" त्यानं शाल काढून बाकावर टाकली, पेटी उचलली आणि दाराकडे निघाला. अलका नावाच्या म्हातारीनं तेवढ्यात "आमेन" म्हटलं. तिला कमी ऐकू येतं, प्रार्थना संपली असं तिला वाटलं.

वीरेंद्र दाराबाहेर पडला असता, तर ही गोष्ट कायमची त्याच्याच नावावर राहिली असती. हिरामणला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याची त्याला नऊ वर्षांची सवय होती.

"थांबा," तो म्हणाला. आवाज भारदस्त नव्हताच, चिरका निघाला. वीरेंद्र थांबला. "त्या दिवशी... आता कसं सांगू... मालतीनं मले म्हटलं होतं, नदीवर जाऊ नका. तिनं असं म्हटलं नसतं तं..."

बायकांच्या बाकावरून मालती उठली. "म्हणजे? माह्यामुळं?"

"तसं नाई. पण ते गोटे बी काठावर आधीच ढीग लावून ठेवतात ना..."

"गोट्यानं म्हटलं का तुमाले, मले उचला?" मालतीचा आवाज चढला. आणि मग सगळा अर्थ लक्षात येऊन ती एकदम खाली बसली.

हिरामणनं पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी काही मदत केली नाही. मळेवाल्यांना तो 'बरं, आता खरं सांगा' म्हणायचा, तेच आता त्याला स्वतःला म्हणावं लागलं, आणि ते किती अवघड असतं हे त्याला पहिल्यांदा कळलं.

"तो गोटा मी मारला होता, आशिष," तो म्हणाला. "वीरेंद्रभाऊचा काहीच संबंध नाई. ते माह्या पुढं उभे होते."

आशिष चक्क हसला. "हात्तिच्या, भाऊजी! मग तेव्हाच सांगाचं ना! लागला असन चुकून. गोटमार हाय, कोणाचा गोटा कोणाले लागते, कोणाले काय माहीत!"

झालं! सुटका झाली. दार उघडलं होतं, हिरामणनं फक्त मान हलवायची होती. मालतीनं श्वास सोडला. दोन-चार जण हसलेही. हिरामणनं मान हलवायला घेतली आणि त्याच्यानं ती हलवेना.

"चुकून नाई," तो म्हणाला. "नेम धरून मारला."

आशिषचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

"आदल्या दिवशी पोळ्याच्या जेवणात तू सगळ्यांसमोर म्हणाला होता, जवायाचा गोटा नदीतच पडते म्हणून. सगळे हसले होते. दुसऱ्या दिवशी तू मले पलीकडं दिसला. हसूनच राहिला होता कोणाशी तरी. मी गोटा निवडून घेतला, आशिष. दोन टाकून दिले, तिसरा घेतला. मी तुह्या तोंडाचा नेम धरला होता, अन् लागला तेव्हा मले... मले आनंद झाला. क्षणभर, पण झाला."

असं म्हणून तो खाली बसला. आशिष वीरेंद्रकडे गेला आणि त्याच्यासमोर हात जोडले. "भाऊ, मीच तुमची माफी मागतो जी." वीरेंद्रनं पेटी खाली ठेवली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "ते राहू द्या. जेवण हाय का तेही खोटंच?"

जेवण होतं. आवारात पंगत बसली, भात आणि पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा. हिरामण फाटकाकडे सरकत होता, तेव्हा आशिष आडवा आला. "भाऊजी, वीरेंद्रभाऊले माफ करणं सोपं होतं. परका माणूस. तुमचं मले आज नाई जमत."

"बरं," हिरामण म्हणाला.

"उद्या बी जमन असं वाटत नाई."

"बरं."

"पण जेवल्याबिगर जाऊ नका. बसा पंगतीत."

हिरामण टोकाला बसला. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथं मालती येऊन बसली. वाढायला आशिषच होता. त्यानं एकेकाला वाढत वाढत हिरामणच्या पत्रावळीवर भात घातला, रस्सा घातला, आणि पुढं न जाता तिथंच उभा राहिला. नऊ वर्षं आशिष चर्चमध्ये वीरेंद्रच्या पापाबद्दल मोठ्यानं बोलत आला होता. स्वतःबद्दल मात्र त्यानं कधी कोणासमोर चकार शब्द काढला नव्हता.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "लय दुखलं होतं जी मले."

हिरामणनं हातातला घास खाली ठेवला, आणि सगळ्या पंगतीदेखत तो ढसाढसा रडला.