हलकी लेन्स आणि इसिडोरचा हात

मनोरीच्या इसिडोर मिरांडाने आयुष्यात एकच गोष्ट मन लावून लपवली, ती म्हणजे त्याचा उजवा हात. एरवी त्याच्या पोटात काही राहत नसे. कोणाच्या पोराने नोकरी सोडली, कोणाच्या सुनेने माहेरी फोन करून काय सांगितलं, हे सगळं तो मार्व्याला जाणाऱ्या बोटीत चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा. हाताबद्दल मात्र अळीमिळी गुपचिळी.

बोरिवलीला स्टेशनजवळ त्याचा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, पहिल्या कम्युनियनची पांढऱ्या कपड्यांतली पोरं, चर्चच्या पायऱ्यांवर उंचीप्रमाणे उभी केलेली वऱ्हाडं. "श्वास धरा!" असं तो इतक्या जोरात दरडावायचा की फोटो निघाल्यावरही माणसं श्वास सोडायला विसरत. त्याच्यासमोर हलायची कुणाची टाप नव्हती. साठी उलटली आणि त्याचा स्वतःचाच हात हलायला लागला. आधी चहा बशीत सांडला. मग एका लग्नात नवरानवरी दोघंही पुसट आली, आणि इसिडोरने कॅमेऱ्याच्या कंपनीला शिव्या घातल्या.

डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, हा तो वाईट आजार नाही. घराण्यातून येते अशी थरथर. बापाला होती ना? होती. पण बाप भातशेती करायचा, त्याला चालून गेलं, यावर डॉक्टरांकडे काही औषध नव्हतं. इसिडोरने स्टुडिओ बंद केला. लोकांना सांगितलं, मोबाइलने धंद्याची वाट लावली. हे अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं असलं की खोटं बोलायला फार सोपं जातं.

फोटो काढणं मात्र सुटेना. गावात कुठे काही असलं की तो लांब उभा राहून काढायचा. स्टुडिओतली जुनी जडशीळ झूम लेन्स लावायची, भिंतीला टेकायचं, कोपर बरगडीत रुतवायचं. जवळ गेलं तर हात दिसेल ना! पण लेन्सच्या वजनाने हात जास्तच थरथरे, आणि घरी येऊन तो निम्मे फोटो पुसून टाके. त्याची बायको बेला हे बघायची आणि गप्प बसायची. गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, तेव्हा तिला किती वाईट वाटत असेल ते समजून घ्या.

अशात पुतणी किम्बर्लीचं लग्न ठरलं. लग्नासाठी अंधेरीची फोटोवाली मंडळी ठरली होती, ड्रोनबिन घेऊन. पण ती येणार लग्नाच्या दिवशी. आदल्या संध्याकाळचं उंबराचं पाणी त्यांच्या हिशेबातच नव्हतं. बँडच्या मागे नाचत विहिरीवर जायचं, विहिरीला मान द्यायचा आणि नवरीच्या अंघोळीचं पाणी घागरीत भरून पुन्हा नाचत घरी यायचं, ही आमच्याकडची खरी मजा. चर्चमधलं लग्न काय, सगळ्यांचंच होतं.

"अंकल, पाण्याचे फोटो तूच काढायचे," किम्बर्ली म्हणाली. "दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही."

इसिडोर हो म्हणाला आणि घरी येऊन बेलाला म्हणाला, "हे शेवटचं. हे बिघडलं ना, तर कॅमेरा विकून टाकायचा. परत त्याचं नाव काढायचं नाही."

"आधी नीट लेन्स तर घे," बेला म्हणाली. "ते धूड उचलूनच तुझा जीव जातो."

दोघं अंधेरीला एका कॅमेऱ्याच्या दुकानात गेली. काउंटरवर संघमित्रा नावाची मुलगी होती, घाटकोपरहून मेट्रोने येणारी, बोलायला चटपटीत. इसिडोरने उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हाताने कपाटातली सगळ्यात मोठी लेन्स दाखवली. जड तेवढं चांगलं, हा त्याच्या पिढीचा धर्म. बेलाने ती उचलून बघितली.

"ही लेन्स आहे का वरवंटा?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"वजन कळतं ना रे. रोज खांद्यावर कोण नेणार हे?"

संघमित्राला हसू आलं. "अंकल, काढायचं काय आहे तुम्हाला? पक्षी? क्रिकेट?"

"रोजचंच गं. गाव, माणसं. थोडं लांबून."

तिने दोन लेन्स पुढे ठेवल्या. एकीचा पल्ला भरपूर, पण दोन्ही हात लागतील अशी. दुसरी जेमतेम पाण्याच्या छोट्या बाटलीएवढी, अंगाने प्लास्टिकची. इसिडोरने तोंड वाकडं केलं. असली खेळणी तो स्टुडिओच्या दारातसुद्धा येऊ देत नसे. "ही अंधारात मार खाणार," तो म्हणाला.

"खाणार," संघमित्रा म्हणाली. "हलकी आहे ना, उजेड कमीच घेते. पण स्टॅबिलायझर चांगला आहे हिचा. लावून तर बघा."

लावायला दोन हात लागतात. खिशातला हात बाहेर आला आणि काउंटरवरच्या काचेवर त्याच्या अंगठीची टकटक वाजली. संघमित्राने ती ऐकली. तिने लेन्सच्या बाजूचं स्टॅबिलायझरचं छोटं बटण बंद केलं आणि म्हणाली, "समोरच्या केमिस्टची पाटी बघा."

पाटी कॅमेऱ्यात नाचत होती. इसिडोरचे कान तापले.

"आता बटण चालू करा. आणि शटरचं बटण अर्धंच दाबून ठेवा."

लेन्समध्ये बारीकशी घरघर झाली आणि पाटी थांबली. हात तसाच थरथरत होता, आणि पाटी मात्र जागच्या जागी उभी होती, 'चोवीस तास सेवा'सकट. इसिडोर बराच वेळ बघत राहिला. कॅमेरा डोळ्यावरून काढायचा नव्हता, कारण डोळा ओला झाला होता. बेलाला ते पाठमोऱ्या नवऱ्यावरूनही कळलं. "हीच द्या," ती म्हणाली.

पुढचे दिवस तो नवी लेन्स लावलेला कॅमेरा गळ्यात घालूनच हिंडला. जेट्टीवरची मांजरं, सुकत घातलेले बोंबील, भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी बेला, सगळं काढलं. भर उन्हात सगळंच छान आलं. गडी एकदम खुशीत.

मग उंबराच्या पाण्याची संध्याकाळ आली. बँड सुटला, बायका लुगडी खोचून नाचायला लागल्या आणि उजेड बघता बघता उतरला. इसिडोर विहिरीपासून चांगला लांब, आंब्याखाली उभा होता. उजेड कमी पडतोय म्हणून त्याने शटरचा वेग खाली आणला, पार तिसावर, म्हणजे शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडं राहून जास्त उजेड घेणार. स्टॅबिलायझर आहे, घाबरायचं काय? किम्बर्ली घागरीशी वाकली, हसली, मावश्यांनी तिला मध्ये ओढून गरागरा फिरवलं. त्याने सगळं टिपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फोटो कॉम्प्युटरवर लावले. किम्बर्ली पुसट. मावश्या पुसट. ढोलवाल्याला तर तोंडच नाही. एकामागून एक, तेच. ते पाणी काही परत भरता येणार नव्हतं. पोरीने विश्वासाने सांगितलं होतं, आणि त्याने तिची संध्याकाळ घालवली होती.

"संपलं," तो म्हणाला. "लेन्स काय करणार? हातच गेला माझा." आणि तो फोटो पुसायला बसला.

बेला धावत आली. "थांब! आमची फिलोबाय कुठे आहे? तिला दाखव आधी. नवीन लुगडं नेसली होती ती."

फिलोबाय म्हणजे बेलाची थोरली बहीण. दोन्ही गुडघे संपावर, म्हणून नाच चालू असताना विहिरीच्या कठड्याशी खुर्ची टाकून बसली होती. इसिडोरने वैतागून त्या पुसट गर्दीतला कोपरा मोठा केला. फिलोबाय आली. नुसती आली नाही, लुगड्याच्या काठासकट आली. कपाळावरच्या आठ्या मोजून घ्याव्यात. मागच्या कठड्याचा दगड न् दगड वेगळा.

"बघ, किती छान काढलीस!" बेला म्हणाली.

इसिडोरने दुसरा फोटो मोठा केला. त्यातही नाचणारे पुसट आणि फिलोबाय लख्ख. तिसऱ्यातही तेच. त्याने मांडीवरच्या हाताकडे बघितलं. हाताची थरथर चालूच होती.

"बेला," तो हळूच म्हणाला. "मी हललो असतो तर ही पण हलली असती. कठडा हलला असता."

"मग?"

"मी नाही हललो गं. ते नाचत होते!"

चाळीस वर्षं लोकांना श्वास धरायला लावणाऱ्या माणसाला समोरचा माणूस हलतो हे आठवलंच नव्हतं. हाताच्या भीतीने दुसरं काही सुचेनासं झालं होतं. लेन्सने त्याचा हात सांभाळला होता. नाचणाऱ्या मावश्यांना धरून ठेवणं काही तिचं काम नव्हतं. शटरचा वेग वाढवायचा, एवढंच होतं. स्टुडिओतल्या पोऱ्यालाही हे त्याने शिव्या देऊन शिकवलं असतं. तो हसायला लागला, मग डोळे पुसायला लागला, आणि बेलाने त्याच्या डोक्यात टपली मारली.

"रडतोस काय? पोरगी घरातून चर्चला निघेल आता. ऊठ!"

किम्बर्लीच्या अंगणात बँड आधीच सुरू झाला होता. अंधेरीची मंडळी ड्रोन जुळवत बसली होती. इसिडोर आंब्याखाली थांबला नाही. तो सरळ गर्दीत शिरला, कोपरं मारत, नवरीच्या पुढ्यात. तिला आधी सगळं खरं सांगून टाकलं, कालचे फोटो पुसट आलेत, चूक माझी.

"फिरवलं किती मला त्यांनी! पुसटच येणार," किम्बर्ली म्हणाली. "मला ते हवेत सगळे. एक पण पुसायचा नाही." मग तिची नजर खाली गेली. "अंकल, तुझा हात..."

आजूबाजूच्या दोघीतिघी वळून बघायला लागल्या. इसिडोरने शटर पाचशेवर नेलं आणि कॅमेरा उचलला.

"हलतो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हलू दे. तू नाच."