चिंचेनं घासलेला तवा

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षी भातकुलीच्या आमच्या घरात पितळेची नवी भांडी आली, आणि ती घासायला नवी सून, म्हणजे मी. भांडी अशी लखलखली की माझं डोकंच फिरलं. चुलीजवळचा काळा लोखंडी तवा मला घराला लागलेला डाग वाटायला लागला. मग त्यालाही चिंच आणि राख लावून चांदीसारखा केला, ओलाच पालथा घातला आणि शाबासकीची वाट पाहत झोपले.

सकाळी तवा गेरूसारखा लाल. नेमका अकोल्याचा व्यापारी कापूस पाहायला ओसरीवर येऊन बसलेला, जेवूनच सौदा करणार होता, आणि माझी पहिली भाकर तव्याला चिकटून बसली.

"काहून वं, तव्याची साल काढली का तू?" सासूबाईंनी विचारलं. त्यांनी कोरड्या राखेनं गंज खरवडला, तवा तापत ठेवला आणि ओसरीवरच्या ढिगातून मूठभर कापूस उचलून जवसाच्या तेलात बुडवला.

"अवं, तो विकाचा कापूस हाये," सासरे म्हणाले.

"मंग पाव्हण्याले कापूसच वाढू का?"

व्यापारी खो खो हसला. धूर निघेपर्यंत सासूबाईंनी तेल चोळलं, तवा पुन्हा काळा झाला आणि पुढची भाकर टम्म फुगली. ती व्यापाऱ्याला गेली. तांबूस, फाटकी पहिली भाकर सासूबाईंनी माझ्या ताटात टाकली.

"खाय पोरी. पोटात लोखंड गेलं म्हणजे माणूस टिकते."

या वयात मी एवढी खुटखुटीत कशी, असं नातसुना विचारतात. मी तव्याकडे बोट दाखवते.