दादाला कॅन्सर नव्हता

आज मंगळवार. दादाला जाऊन वर्ष झालं. सकाळी पूजा झाली, दहा-बारा नातेवाईक जेवले, दोनपर्यंत सगळे गेले.

जाताना एकानं परत तेच म्हटलं, "कॅन्सरपुढं कोणाचं चालते गा?"

कॅन्सर नव्हता.
लिहूनच टाकतो, म्हणजे परत कोणी बोलणार नाही.

दादा, माझा मोठा भाऊ, कळमेश्वरला कारखान्यात फिटर होता. डोकं दुखायचं, मग एक फिट आली. मेंदूचा एमआरआय सांगितला.

सेंटरवर अंगावरचं लोखंड काढायला लावलं. दादा म्हणाला, "फिटरचं लोखंड काढलं तं उरते काय, मॅडम?"

मॅडम हसल्या नाहीत. फॉर्म भरता भरता मला विचारलं, "आधी टीबी वगैरे?"

झाला होता. कोर्सही पूर्ण केला होता.
पण पुतणीचं लग्न जमत होतं. मुलाचे मामा आपुलकीनं सोबत आले होते, बाजूच्याच खुर्चीत होते. आमच्यात मुलीच्या बापाचा टीबी कोणी सांगत नाही.

मी म्हणालो, "नाही."

घरी येताना दादा म्हणाला, "बरं केलं गा. पोरीचं होऊन जाऊ दे."

रिपोर्टमध्ये ट्यूमरची शक्यता लिहिली. लिहिणाऱ्यानं दादाला कधी पाहिलं नव्हतं.
सर्जनसाहेबांनी फिल्म दोन मिनिटं उजेडाला धरली. मी म्हणालो, "साहेब, एक सांगायचं होतं..."
"डॉक्टर तुम्ही आहात का मी?"
मी गप्प बसलो. तेवढं मला छान जमतं.

ऑपरेशननंतर दादा शुद्धीवर आलाच नाही. पाचव्या दिवशी गेला.
बायोप्सीचा रिपोर्ट तेरवीच्या आदल्या दिवशी आला. टीबीची गाठ. बहुतेक गोळ्यांनीच विरघळली असती. रिपोर्ट मी कोणाला दाखवला नाही.

मामासाहेबांनी महिन्याभरात लग्न मोडलं. "बापाले मेंदूचा कॅन्सर, खानदानातच असंन."

मामासाहेब, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. वाचा. टीबी होता.
सर्जनसाहेब, तुम्ही मला एक वाक्य पूर्ण करू दिलं नाही. हे पूर्ण वाचा.

बाकीच्यांनो, जुना आजार विचारला तर सांगा. बाजूला कोणीही बसलेलं असो.

आज सगळे गेल्यावर पुतणीलाही सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही बोलले असते तं बाबा असते, काका."
मी "हो" म्हणालो. ती निघून गेली.

खाली RIP लिहू नका.

दादा, नमस्कार करतो. माफी मागत नाही.

घरी कोणी नाही. गच्चीवरचे कपडे वाळले असतील, काढून आणतो.