भाजी किती उरली होती

दुपारी जेवून तासभर झाला असेल. मालक ओसरीवर बसून हवेतला सुतळीचा गुंता सोडवायला लागले. सुतळी नव्हतीच. मला म्हणाले, "वहिनी, हे टोक धरा जरा." लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेल्यावर मी त्यांची वहिनी झाले, तेव्हा शेजाऱ्याला हाक मारली. मांजरसुंब्याला जीप मिळाली आणि आम्ही बीडला दवाखान्यात पोचलो.

मोठ्या डॉक्टरांनी काही विचारायच्या आत शेजारी बोलून गेला, "पूर्वी लई प्यायचे, साहेब." डॉक्टर म्हणाले, चोरून घेत असतील, आता मिळाली नसेल, दारू तुटली की माणसं अशीच बडबडतात.

मला राग आला. दारू सोडून बारा वर्षं झाली होती. सोडताना झालेले हाल मी एकटीने पाहिले होते. घामाने दोन गोधड्या भिजल्या होत्या.

"दुपारी काय खाल्लं यांनी?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"तांदुळज्याची भाजी, भाकरी."

"आणि तुम्ही?"

"तेच."

"मग जेवणाचं काही नाही," म्हणत ते पुढच्या खाटेकडे गेले.

त्यांच्याबरोबर एक डॉक्टरीण होती. डॉक्टरकी पुरी करून विष आणि व्यसन या दोनच गोष्टींचं आणखी शिकत होती, त्यासाठी काही महिने इकडे आली होती. एवढं शिकून अजून शिकतेच आहे म्हणजे डोक्याने मंद असेल, असं मला वाटलं. ती मागे थांबली. मालकांच्या काखेत हात घालून पाहिला, तर घाम नाही. जीभ वाळक्या लाकडासारखी. डोळ्यांवर बॅटरी धरली तरी बाहुल्या मोठ्याच्या मोठ्याच. मग ती माझ्याशेजारी फरशीवर बसली.

"आजी, भाजी किती उरली होती?"

"उरली न्हाई."

"मग तुम्ही काय खाल्लं?"

आमच्याकडे बाई शेवटी जेवते. काय जेवलीस विचारलं तर 'तेच' म्हणते. आईही तेच म्हणायची. ते खोटं आहे असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

"तुम्ही भाजी खाल्ली असेल तर भाजीत काही नव्हतं," ती म्हणाली. "मग दारूच राहते."

माझ्या एका शब्दाने बारा वर्षं पाण्यात चालली होती.

"ठेच्यासंगं भाकर खाल्ली," मी म्हणाले. "भाजी त्यांनीच संपवली. आवडती त्यांना."

"तोडली कुणी?"

"मीच. शेताच्या कुंपणाला, कुपाटीच्या कडेनं."

"तिथं धोतरा उगवतो?"

"उगवतो. पर मी लहानपणापासून भाजी तोडते. माझं चुकत न्हाई."

"आणि तुमच्या डोळ्याला काय झालंय?"

"मोतीबिंदू."

ती हसली नाही. शेजाऱ्याला त्याच्या बायकोला फोन लावायला सांगितला. माझी खुडलेली देठं अजून सुपात होती. शेजारणीने त्यांचा फोटो पाठवला. तांदुळज्याच्या देठांत विषारी धोतऱ्याचे चार कोवळे, अर्धवट खुडलेले शेंडे होते. फोटोत मलाही ते ओळखू आले, एवढे मोठे करून दाखवल्यावर.

"सरांना तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मी सांगितलं तर तो माझा अंदाज होतो."

मी सगळ्यांसमोर सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी कागदावरचं खोडलं आणि दुसरं लिहिलं. मालकांना सलाईन होतीच, आता लघवीला नळी लावली. मला सोडून कुणी त्यांना हात लावला की ते शिव्या देत. डॉक्टरणीने त्या सगळ्या ऐकून घेतल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ते शुद्धीवर आले. मी वहिनीची पुन्हा बायको झाले.

शेजाऱ्याने सगळं त्यांच्या कानावर घातलंच होतं.

"दारू म्हणले व्हय मला?"

"म्हणले."

"मग तू?"

"म्या म्हणलं, माझ्याच हातानं झालं."

ते वरच्या पंख्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तरी चाललं असतं.

"आता भाजी म्या निवडीन," ते म्हणाले.

"तुमाला तरी कुठं दिसतंय?"

ते नळी सांभाळत खाटेच्या एका कडेला सरकले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात आपटला. कालपासून मी खालीच बसले होते. वर जाऊन टेकले.